गिअरबॉक्समधला भुसा

बाबा, परवा मी काकांना त्या ट्रॅक्टरचं सांगून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता जरा थांबावं लागतं, पण तुमच्या हातांना येणारा गिअरच्या तेलाचा तो कुजकट, गंधकासारखा वास मात्र कुठेही, कधीही येतो. लहानपणी मला तो आवडायचा. जेवायला बसलात की साबणाने दोनदा धुतलेल्या बोटांनाही तो असायचा आणि मला वाटायचं, चला, आज बाबा घरी आहेत. आता तो आला की मला शिसारी येते. हे तुम्हाला कधी कळलं नाही, आणि तुमच्यामागे सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. पेणपासून रोह्यापर्यंत अजून एखादा म्हातारा शेतकरी भेटतो आणि सांगतो, तुजा बापूस म्हंजे देवमाणूस, जुना ट्रॅक्टर घ्यावा तर त्याचेच कानानं. मी हो म्हणते आणि विषय बदलते.

वडखळच्या अलीकडे आपली ती पत्र्याची शेड. बारावी झाल्यावर मला घरी बसवलंत, आणि मग घरी बसलेलीही बघवेना म्हणून शेडमध्ये नेलंत. रॉकेलच्या घमेल्यात मी गिअर धुते, ब्रशने दात साफ करते, तुम्ही एकेक दात अंगठ्याने चाचपून बघता. हा गोल झालाय बघ, असं म्हणून माझा अंगठाही त्यावर फिरवता. लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर गिअरबॉक्सवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हे तुम्ही मला शिकवलंत. बेअरिंग गेलेलं असलं की दळल्यासारखा आवाज येतो, दात झिजलेले असले की रडल्यासारखा. गिऱ्हाइकं हसायची. मिस्त्री, पोरीला कामाला लावलीस, आता तिला नवरा कसला बघनार, असं कोणी म्हणालं तर तुम्ही वर न बघता म्हणायचात, तिचा कान माज्यापेक्षा बरा हाय. हे मी तेव्हा बक्षीस म्हणून घेतलं होतं.

खारातल्या लोकांना जुना ट्रॅक्टर घ्यायचा झाला की ते आधी तुमच्याकडे यायचे. खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली ती जमीन, तिथला चिखल खारट. तो मागच्या एक्सलची सील खातो, पाणी आत शिरतं आणि तेलाचा रंग दुधासारखा होतो. इंजिन नवीन रंग मारून कोणीही गोजिरं करतो, तुम्ही इंजिनाकडे शेवटी बघायचात. आधी बूच उघडून तेल, मग मागचं चाक उचलून हाताने हलवून बघणं, मग क्लच. आणि सगळ्यात शेवटी उतार. विकणारा नेहमी चढावर दाखवतो, कारण चढावर गिअर दाबून बसतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की झिजलेला गिअर निसटतो, गिअरचा दांडा उडतो आणि ट्रॅक्टर मोकळा पळतो. चढ नको दाखवूस, उतार कुठं हाय तुझा, असं तुम्ही विचारलंत की विकणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

आणि तुमचा तो नियम. ज्याचा ट्रॅक्टर बघायचा त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कासूला एका घरी मी ताक प्यायले होते. वैशाखातलं ऊन, त्या बाईने आग्रहाने दिलं, मी पेला तोंडाला लावला. रस्त्यावर आल्यावर तुम्ही मला पुढे घालून स्टेशनपर्यंत बोलत होतात. ज्याचं पोटात गेलं त्याला नाय म्हनता येत नाय, आनि आपलं काम नाय म्हनायचं हाय, समजलीस का. मी रडले होते. त्या बोलण्याचा मला राग नव्हता, उलट वाटलं होतं की माझे बाबा इतके सरळ आहेत की ताकालाही घाबरतात. आज ते आठवलं की तुमच्यापेक्षा माझीच मला कीव येते.

ते वर्ष नव्वदच्या पुढचं. काकांनी, म्हणजे तुमच्या लहानपणापासूनच्या मित्राने, बैल विकायचं ठरवलं होतं. एक बैल म्हातारा, दुसरा त्याच्याशिवाय चालत नव्हता. स्वतःच्या खाचरांची चिखलणी होईल, भावकीचीही करता येईल, म्हणून त्यांना जुना ट्रॅक्टर हवा होता. रोह्याला एकाकडे होता. तो माणूस ट्रॅक्टर घ्यायचा, डागडुजी करून विकायचा, आणि त्याचा मुलगा तिथल्या कारखान्यात शिफ्टला जायचा. त्या मुलासाठी माझं नाव कोणीतरी सुचवलं होतं. तुम्ही म्हणालात, येकाच फेरीत दोनी कामं होतील. बाबा, दहा गावांत मशीन बघत हिंडलेला माणूस असं कसं म्हणू शकला, हे मला आजही कळत नाही. ट्रॅक्टर बघायला जाणारा मिस्त्री आणि मुलगी दाखवायला जाणारा बाप एकाच पॅसेंजरने निघाले, आणि काका बिचारे आनंदात, की आपल्यामुळे पोरीचंही जमतंय. निडी मागे पडल्यावर त्यांनी मला पिशवीतून करवंदं काढून दिली होती.

रोह्याचं ते अंगण मला जसंच्या तसं दिसतं. ट्रॅक्टर सावलीत उभा आहे, लाल रंग अजून हाताला चिकटतोय. इंजिन आधीच गरम करून ठेवलंय. ज्याने गरम करून ठेवलं त्याच्यावर तुमचा विश्वास नसायचा, पण तुम्ही काही म्हणत नाही. मालक, म्हणजे माझे होणारे सासरे, सांगतात, गोड्या जमिनीतला आहे, खारात एकदाही उतरला नाही. आतून बाई पाणी घेऊन येते, आणि तुम्ही तांब्या घेता आणि पिता. मी बघतच राहते. मग चहा. मग मुलगा येतो, पांढरा शर्ट, मान खाली. तो मला आवडतो, हे लिहायला आता काय लाजायचं. तुम्ही ट्रॅक्टर सुरू करता. गिअरबॉक्स इतका गप्प की नवीनसुद्धा तसा नसतो. तुम्ही माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेत नाही. बूच मात्र उघडता, सवयीने, आणि बोट आत घालता. तेल अंगठ्याने चोळता. चोळत राहता. मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. मग तुम्ही वर बघता, बोटं फडक्याला पुसता, आणि काकांना म्हणता, बरा हाय. घे.

काका म्हणाले, उतारावर बघायचा ना रे? नदीकडे जाणारा उतार अंगणाच्या मागेच होता. पण तेवढ्यात आतून आवाज आला की पानं वाढलीत, आणि सासरे म्हणाले, आधी जेवून घ्या, ट्रॅक्टर कुठे पळत नाही. तुम्ही पायऱ्यांवर हात धुतलेत. त्या दिवशी मासळी होती, वर भाकरी, सोलकढी. तुम्ही दोनदा मागून घेतलंत आणि तोंड भरून तारीफ केलीत. तुमचं ते जेवण मला अजून दिसतं, ओठाला लागलेलं कालवण, पुढे झुकलेली मान. तेव्हा मी ओसरीवर ते फडकं घडी घालून पिशवीत ठेवत होते आणि त्यावरचं तेल माझ्या बोटांना लागलं. तेलात बारीक, मऊ कण. लोखंडाचा कीस टोचतो, हे टोचत नव्हतं. लाकडाचा भुसा. वखारीतला भुसा गिअरबॉक्समध्ये टाकला की तो दातांमध्ये जाऊन बसतो आणि झिजलेला गिअर काही दिवस गप्प होतो. हेही तुम्हीच मला शिकवलेलं होतं.

काका दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आले आणि ट्रॅक्टर रस्त्याने घेऊन गेले. त्याआधी, आपण दोघं परतीच्या गाडीची वाट बघत रोह्याच्या फलाटावर बसलो होतो आणि काका पाणी भरायला गेले होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, येवढा पावसाला काढू दे त्याला. मंग मी खोलतो शेडमधी, गिअर बदलून देतो. त्याला कलायचं पन नाय. मला ते पटलं. पावसाळा म्हणजे चार महिने, आणि काका काही ट्रॅक्टर घेऊन घाटात जाणार नव्हते. खारात सगळं सपाट. सपाट नाही तो फक्त बांध, आणि बांधावरून शेतात उतरायचा तो एक रस्ता, हे आपल्याला दोघांनाही माहीत होतं.

आषाढात लावणी चालू होती. काका ट्रॉलीत रोपांच्या मुठी भरून बांधावरून खाली उतरत होते. भिजलेल्या रोपांचं ओझं किती असतं ते तुम्हाला सांगायला नको. अर्ध्या उतारावर दांडा उडाला. ट्रॅक्टर मोकळा झाला, मागून ट्रॉलीने रेटलं, काकांनी ब्रेक दाबले तर चाकं चिखलात घसरली आणि सगळं धूड आडवं होऊन खाचरात गेलं. लावणीच्या बायांनी हातांनी चिखल उपसून त्यांना बाहेर काढलं. उजवा पाय मडगार्डखाली होता. अलिबागला नेलं, आणि तिथे गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्ही जिवंत असताना लिहिलं असतं तर कदाचित तुमच्या तोंडावर फेकलं असतं. आपण दोघं अलिबागला गेलो. काका खाटेवर, चादर एका बाजूला सपाट. त्यांनी तुम्हाला बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलले? म्हणाले, गिअर आपसूक निघाला रे. मी हात पन लावला नव्हता. ते तुम्हाला विचारत होते, बाबा. मिस्त्री म्हणून विचारत होते, मित्र म्हणून विचारत होते. आणि तुम्ही खाटेच्या कडेला बसून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, उतारावर क्लच दाबलास तू. सवयीनं दाबला असशील. तुला कितीदा सांगितलं, उतारावर क्लचला पाय लावायचा नाय, ट्रॅक्टर मोकला होतो. काकांनी दुसऱ्या हाताने चादरीची सपाट बाजू चाचपली. मग म्हणाले, आसेल. माजाच पाय चुकला आसेल. त्यांच्या बायकोने तुम्हाला चहा आणून दिला. तुम्ही तो प्यालात.

मला तुमची किळस येते ती भुशामुळे नाही. एखाद्या वेळी माणूस गप्प बसतो, मुलीचं जमतंय म्हणून बसतो, हे मी समजून घेतलं असतं. पण पाय गमावलेल्या माणसाचा हात हातात घेऊन त्यालाच चुकीचं ठरवायचं, तेही इतक्या मायेने, की त्याने तुमचे आभार मानावेत, याची येते. बाहेर आल्यावर तुम्ही व्हरांड्यात ओकलात, आणि मी तुमच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तो तुटका ट्रॅक्टर तुम्ही शेडमध्ये आणलात, फुकट दुरुस्त करून दिलात, गिअर बदललेत, भुसा मिसळलेलं तेल मागच्या नाल्यात ओतलंत. गाव म्हणालं, मित्र असावा तर असा. काकांनी तो विकला, ट्रॅक्टरवर परत बसले नाहीत. पुढे तुम्ही कितीतरी जणांना ट्रॅक्टर बघून दिलेत आणि कोणाच्या घरचं पाणी प्यायला नाहीत. त्याचा तुम्हाला अभिमान होता, तुम्ही तो लोकांना सांगायचात. मी समोर उभी असतानाही सांगायचात.

माझं लग्न त्याच मार्गशीर्षात झालं. काका कुबड्या भिंतीला टेकवून बसले होते आणि अक्षता टाकायला दोनदा उठले. त्यांनी पितळेचा हंडा दिला. मी वाकून पाया पडले तर समोर एकच पाऊल. पुढे सासरी राहताना मला कळलं की सासऱ्यांना त्या भुशाची लाजही नव्हती. पाहुणे आले की रंगवून सांगायचे, वखारीतून पोतंभर भुसा आणला की दोन ट्रॅक्टर गुपचूप बसतात, मोठमोठ्या मिस्त्रींना कळत नाही. आणि माझ्याकडे बघून हसायचे. मी त्यांना चहा द्यायची. नवरा चांगला निघाला, मुलं झाली, संसार कोणालाही दाखवावा असा झाला. पण त्या घरातला पहिला घास मला कित्येक दिवस गिळवत नव्हता आणि लोकांना वाटायचं, माहेरची आठवण येते.

गेल्या आठवड्यात काकांचा मुलगा आला. म्हणाला, ताई, निडीला येक जुना ट्रॅक्टर हाय. आमचा बापूस म्हनतो, ताईलाच ने, तिला कान हाय. मला हसू आलं आणि लगेच घाण वाटली. परवा मी त्याच्याबरोबर गेले. माणूस भला होता, पाणी आणून ठेवलं, मी शिवले नाही. तेल काळं पण स्वच्छ होतं, मागच्या चाकात थोडा खेळ. मग मी म्हटलं, उतार दाखवा. तिसऱ्यात टाकून पाय काढला आणि दांड्यावरून हात उचलला. अर्ध्यावर दांडा उडाला, माझ्या गुडघ्याला लागला. मी ब्रेक दाबून उतरले आणि मुलाला म्हटलं, नाही घ्यायचा. मी गुडघा चोळत बांधावरच बसले.

तिथून मी काकांकडे गेले. ते पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होते. काय गो, कवा आलीस, म्हणाले. मुलाने सगळं सांगितलं, दांडा कसा उडाला ते. काकांचे हात थांबले. हळूच म्हणाले, आपसूक उडाला? मी हो म्हटलं. मग मुलगा आत गेला आणि मी त्यांना सगळं सांगितलं. भुसा, तुमचं बोट, फलाटावरचं बोलणं, खाटेवर तुम्ही जे म्हणालात ते खोटं होतं हे. ते ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, माजी बायको मेली तवर मना बोलायची, तुमी क्लच दाबलात कशाला. मी म्हनायचो, चुकला गो. मी रोज रातच्याला पाय आठवून बगतो, दाबला का नाय दाबला. नायच दाबला व्हता मी. एवढंच बोलले. तुम्हाला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी विचारलं, आनि तुला म्हाईत व्हतं तवा? मी म्हटलं, नाही काका. फडकं नंतर धुताना कळलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तू पोर व्हतीस तवा, तुजा काय दोस.

बाबा, हा कागद तुमच्याकडे पोचणार नाही, आणि ज्याच्यापर्यंत पोचवता येईल त्या माणसाकडे, म्हणजे काकांकडे, मी तो नेणार नाही. त्या अंगणात तेल चोळून तुम्ही वर बघितलंत ते माझ्याकडे. तुमच्या चेहऱ्यावरून मला भुसा कळला होता, फडक्याची गरजच नव्हती. तुम्ही मला विचारत होतात. त्या क्षणी मी पांढऱ्या शर्टाकडे बघितलं आणि तुम्हाला मान हलवून सांगितलं, असू दे. मग तुम्ही बरा हाय म्हणालात. परवा काकांच्या पडवीत मी सगळं तुमच्यावर टाकून आले.